‘फाइलसिस्टिमपेक्षा ३५ टक्के वेगवान’ म्हणजे नेमकं काय?

एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावर ‘फाइलसिस्टिमपेक्षा ३५ टक्के वेगवान’ अशा शीर्षकाचा एक लेख आहे. मोजमाप २०१७ चं, पण ‘फाइल्स सोडा, सगळं डेटाबेसमध्ये टाका’ म्हणणारे आजही त्याचाच दाखला देतात. लेख चांगला आहे. माझी तक्रार शीर्षकाबद्दल आणि त्याच्या वापराबद्दल आहे.

मुळात एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक साधी फाइलच. मग ती फाइलसिस्टिमपेक्षा वेगवान कशी? उत्तर लेखातच आहे. चाचणीत साधारण ८ ते १२ किलोबाइटचे १ लाख तुकडे होते. ते सुट्या फाइल्समध्ये ठेवले, तर प्रत्येकासाठी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ करावं लागतं. दर वेळी नाव शोधा, परवानगी तपासा... वाचायचे जेमतेम १० किलोबाइट, त्यापुढे हा खर्च फार. एसक्यूलाइट फाइल एकदाच उघडतं.

म्हणजे ही तुलना खरं तर ‘एक फाइल विरुद्ध लाख फाइल्स’ अशी आहे. इथे तिसरा गडी हवा होता: सगळे तुकडे एकाच फाइलमध्ये सलग लिहायचे आणि कोणता कुठे सुरू होतो याची यादी मेमरीत ठेवायची. मग वाचलेल्या वेळेत डेटाबेसचं श्रेय किती आणि एकदाच ‘ओपन’ करण्याचं किती, हे वेगळं दिसलं असतं.

दुसरं म्हणजे, पहिली फेरी कॅश भरण्यापुरती होती; तिचे आकडे टाकून दिलेत. लेखात हे स्पष्ट लिहिलंय, लपवाछपवी नाही. पण डेटा मेमरीतून येऊ लागला की डिस्कचा वेग बाजूला पडतो आणि ‘ओपन-क्लोज’चा खर्च जास्तच ठळक दिसतो.

तिसरा मुद्दा आकाराचा. २००६ मध्ये सीअर्स, व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी एसक्यूएल सर्व्हर आणि एनटीएफएसची तुलना केली. २५६ किलोबाइटच्या खाली डेटाबेस बरा, १ मेगाबाइटच्या वर फाइलसिस्टिम, मधलं परिस्थितीवर अवलंबून. सॉफ्टवेअर वेगळं होतं, पण प्रश्न नीट मांडला होता: ‘वेगवान कोण?’ नव्हे, तर ‘कोणत्या आकारापर्यंत?’ त्यामुळे ५ मेगाबाइटचे स्कॅन डेटाबेसमध्ये टाकायला ३५ टक्क्यांचा पुरावा चालत नाही.

मग एसक्यूलाइट वापरू नये का? जरूर वापरा. लिहिताना वीज गेली तरी व्यवहार पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही; सुट्या फाइल्सवर ही हमी स्वतः उभी करणं जिकिरीचं आहे. माझ्या मते वेगापेक्षा हे कारण भक्कम आहे.

प्रबंधात हा आकडा घालायचाच असेल, तर शेजारी ‘१० किलोबाइटचे तुकडे, भरलेली कॅश’ एवढं लिहा. त्याहून बरं, चाचणीचा ‘केव्हीटेस्ट’ प्रोग्रॅम एसक्यूलाइटच्या सोर्समध्येच आहे. आपल्या मशीनवर, आपल्या फाइल्सच्या आकाराने चालवून बघा.