वाचकसंख्या आणि कोशाचे मोल

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याच्या प्रत्येक पानाची दैनंदिन भेटसंख्या आज कोणासही पाहता येते. निवडणूक लागली वा एखादा नट निवर्तला, की त्या नोंदीवर झुंबड उडते. धारवाडजवळ उगम पावणाऱ्या शाल्मलेसारख्या नदीची विचारपूस करणारा मात्र विरळाच. म्हणून पहिला विषय मोलाचा व दुसरा निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे आम्हांस उतावीळपणाचे वाटते. आकडा पान उघडल्याची साक्ष देतो; वाचल्याची नव्हे, समजल्याची तर नव्हेच.

रायापूर येथील आमच्या शाळेच्या देवघेवीच्या वहीत विश्वकोशाच्या खंडांपुढे एकही सही नाही. कारण साधे आहे : संदर्भग्रंथ घरी देण्याची प्रथाच नाही. वहीवरच न्याय करावयाचा, तर ते खंड रद्दीत जावयाचे! परंतु 'धारवाड' शोधावयास बसलेली मुले शेजारच्या अपरिचित नोंदीत रमलेली आम्ही पाहिली आहेत. केतकरांच्या ज्ञानकोशातही वर्णानुक्रमाने प्रसिद्ध व अप्रसिद्ध विषय एकाच पंगतीस बसविले. पडद्यावरील शोधाने ती पंगत मोडली. मागितले तेवढेच पानात पडते.

नटाची माहिती वृत्तपत्रेही देतात. लहान नदीच्या जिज्ञासूस कोशावाचून दुसरे दार नसते. कोणती नोंद आधी सुधारावी, हे आकड्यांनी खुशाल सांगावे. कोणती वगळावी, हे सांगण्याचा अधिकार त्यांस नाही, असे आमचे मत आहे.