टाकून दिलेलं पुन्हा ऐकताना: १९९५ मधल्या हाउसच्या तीन रेकॉर्डी

आजचा विषय तसा अरुंद आहे. हाउस संगीत, आणि तेही एकाच वर्षातलं, १९९५ मधलं. यादी मोठी करता आली असती, पण मी तीनच रेकॉर्डी घेतल्यात. कारण त्यांतून एक मुद्दा नीट दिसतो: दुसऱ्यांनी टाकून दिलेलं पुन्हा ऐकणं, हे हाउसचं मूळ काम आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. शिकागोत १९७७ पासून वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवायचा. नाचायला येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले पुष्कळ समलिंगी. 'हाउस' हे नाव त्या क्लबावरून पडलं असं मानतात. त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, डिस्को रेकॉर्डींची पेटी स्फोटकं लावून उडवली गेली. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. वरवर बघितलं तर हा रेडिओचा प्रसिद्धीचा खेळ. पण उडवलं गेलेलं संगीत कोणाच्या नाचाचं होतं, हे विसरून चालणार नाही.

आता गंमत बघा. त्याच वर्षी शिकागो याच नावाच्या रॉक बँडनं 'स्ट्रीट प्लेयर' हे डिस्को वळणाचं गाणं केलं. ज्या अल्बममध्ये ते आलं, त्याचं फारसं कौतुक झालं नाही. सोळा वर्षांनी न्यूयॉर्कच्या केनी 'डोप' गोन्झालेझनं त्यातला तुकडा उचलला आणि 'द बकेटहेड्स' या नावानं 'द बॉम्ब' काढलं. कंसातलं जोडशीर्षक तर मूळ शब्द चुकीचे ऐकू आल्यामुळे तयार झालेलं! पूर्ण रेकॉर्ड चौदा मिनिटांहून लांब. तोच तुकडा फिरत राहतो. कधी भिंतीपलीकडून आल्यासारखा दबका, कधी एकदम मोकळा. "तेच तेच वाजतंय" ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण इथे तेच तेच नाहीये. तुकडा तोच असतो, आपलं ऐकणं बदलत जातं. रेडिओसाठी कापलेल्या आवृत्तीत नेमकं हेच हरवतं. ट्रम्पेट्स येतात, पण त्यांची वाट बघणं उरत नाही.

दुसरी रेकॉर्ड 'मिसिंग'. 'एव्हरीथिंग बट द गर्ल' म्हणजे ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट ही ब्रिटिश जोडी. १९९४ मध्ये आलं तेव्हा हे गाणं ब्रिटनमध्ये जेमतेम कुणाच्या लक्षात आलं. मग न्यूयॉर्कच्या टॉड टेरीनं त्याचं रीमिक्स केलं, आणि ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. आपल्याकडे 'रीमिक्स' म्हटलं की जुन्या गाण्याची मोडतोड, असं समीकरण बसलंय. इथे टेरीनं थॉर्नच्या आवाजाला जवळजवळ हात लावला नाही. खालचा ठेका तेवढा कडक केला. गाण्यातली बाई एका घरावरून पुन्हा पुन्हा जाते. तिथला माणूस कधीच निघून गेलाय. मूळ गाण्यात ही आठवण वाटते. ठेक्यावर ती सवय होते, म्हणजे पाय आपोआप तिकडे वळतात. दुःख थांबत नाही आणि ठेकाही थांबत नाही. याला मी मोडतोड म्हणणार नाही. हे वाचन आहे, आणि ते चांगल्या समीक्षकाचं वाचन आहे.

तिसरी 'फ्लॅश'. शिकागोचा कर्टिस जोन्स, 'ग्रीन व्हेल्व्हेट' या नावानं. इथे चाल जवळजवळ नाहीच. ढोल, आणि कोरड्या आवाजात निवेदन. क्लबात मुलं काय करतात ते दाखवायला तो आईवडिलांना आत फिरवतो, अगदी प्रेक्षणीय स्थळ दाखवावं तसा. मग कॅमेऱ्याचा इशारा येतो आणि ढोल तडतडतात. विनोद एकदा कळला की अर्धा संपतो, ही याची मर्यादा. पण डोकवायला आलेल्या सभ्य नजरेलाच तो इथे उलटं पकडतो. १९७९ च्या मैदानातली नजर याच जातीची होती.

तिन्हींत सर्वात मोठी कोणती? खप बघितला तर 'मिसिंग'. मी मात्र 'द बॉम्ब' म्हणेन. 'मिसिंग'ला उभं राहायला एक कथा आहे, 'फ्लॅश'ला एक युक्ती आहे. 'द बॉम्ब'कडे फक्त एक दुर्लक्षित तुकडा आणि तो ऐकत राहण्याचा धीर आहे. ज्या शहरात डिस्को उडवलं गेलं, त्याचंच नाव घेतलेल्या बँडचं डिस्को, ते नाच न सोडलेल्यांनी पुन्हा वाजवलं. यात सूडाची भाषा कुठेच नाही. आहे तो फक्त आनंद, आणि मला वाटतं, उत्तर म्हणून तोच जास्त टिकतो.

घरी गेल्यावर पूर्ण लांबीची आवृत्ती ऐका, मध्ये पुढे न सरकवता. एवढं बोलून थांबतो.