दोन गोळ्या आणि दाढेची जखम

वाढवणमधल्या एखाद्या आजी हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असतील आणि त्यांची दाढ काढायची असेल, तर जखम नीट भरेल का? या प्रश्नावर उंदरांवर प्रयोग झाले आहेत. त्यांवरून काढले जाणारे निष्कर्ष मात्र आम्हाला घाईचे वाटतात.

दाढ काढल्यावर खळग्यात रक्ताची गुठळी बसते, वरून हिरडी पसरते आणि काही महिन्यांत आत हाड भरते. जुने हाड खाणाऱ्या आणि नवे घालणाऱ्या, अशा दोन्ही पेशींचे हे काम. बिस्फॉस्फोनेट पहिल्या पेशींना आवरते. २००३ साली अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स यांनी अशी औषधे घेतलेल्या ३६ रुग्णांत जबड्याचे हाड उघडे पडून मेल्याची नोंद केली आणि दंतवैद्य सावध झाले.

पेशी मेव्हॅलोनेटच्या वाटेने कोलेस्टेरॉल बनवते. स्टॅटिन ही वाट सुरुवातीलाच अडवते, तर नायट्रोजनयुक्त बिस्फॉस्फोनेट थोडे पुढे. म्हणजे दुहेरी अडथळा, दुहेरी अपाय? उलट १९९९ साली ग्रेगरी मंडी यांच्या गटाला स्टॅटिनने हाड वाढलेले दिसले. म्हणजे मदत? एकाच आकृतीवरून दोन्ही म्हणता येते, हीच अडचण आहे. मंडींच्या गटाने औषध उंदरांच्या कवटीवर कातडीखाली टोचले होते. तोंडावाटे दिले तेही वजनाच्या मानाने माणसाच्या कितीतरी पट. आपण गिळलेली गोळी बहुतांशी यकृतातच अडते. हृदयासाठी स्टॅटिन घेणाऱ्यांच्या मोठ्या चाचण्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण घटलेले आढळले नाही.

प्रयोगाची मांडणीही तपासावी. औषध नाही, फक्त पहिले, फक्त दुसरे आणि दोन्ही, असे चार गट हवेत. 'फक्त स्टॅटिन' हा गट वगळला तर जोडीचा परिणाम कोणाच्या खात्यावर मांडायचा? शिवाय प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण व धडधाकट असतो. तो मशेरी लावत नाही, आणि त्याला मधुमेहही मुद्दाम घडवून आणावा लागतो. माणसाच्या तोंडातली जखम या दोन्ही गोष्टींनी रेंगाळते.

मात्रेचा फरक तर मोठाच. हाडांत पसरलेल्या कर्करोगात झोलेड्रोनेट तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम देतात, ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा ५. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत जबड्याचा हा विकार अगदी विरळा. तरी दाढ काढण्याआधी दोन्ही गोळ्यांची नावे दंतवैद्याला सांगावीत. बिस्फॉस्फोनेट हाडाला चिकटून वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे आदल्या दिवशी गोळी चुकवून काही साधत नाही. आणि उंदरांचे निष्कर्ष वाचून स्टॅटिन परस्पर थांबवले, तर धोका जबड्याला नव्हे, हृदयाला आहे.