पाठभेद आणि पडदा : ‘द डिसायपल’च्या आकलनाचा एक प्रश्न

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट 2020 च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला व पटकथेचे पारितोषिकही त्यास तेथे मिळाले. आपल्या बहुसंख्य प्रेक्षकांपर्यंत मात्र तो 30 एप्रिल 2021 रोजी नेटफ्लिक्सद्वारा पोहोचला. साथीच्या दुसऱ्या लाटेमुळे महाराष्ट्रातील चित्रपटगृहे तेव्हा बंद होती. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी कचेरीचे काम आणि करमणूक एकाच इंटरनेट-जोडणीवरून चालली होती. या परिस्थितीचा चित्रपटाच्या मूल्यमापनाशी काही संबंध पोहोचतो काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

अशा जोडणीवरून चित्रपट जसाच्या तसा येत नाही. कमीअधिक तपशिलाच्या त्याच्या अनेक प्रती अगोदरच सिद्ध असतात. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि जोडणीला त्या क्षणी जेवढा भार पेलेल, त्या मानाने घरातील यंत्र पुढचा तुकडा या किंवा त्या प्रतीतून उचलते. मागील चित्राहून जे बदलले तेवढेच कळवावयाचे, आणि डोळ्यास सहसा जाणवणार नाही ते गाळावयाचे, हे या संक्षेपाचे तत्त्व. उजेडातील खोलीत बसून चाललेला संवाद त्यात बराचसा टिकतो. कोसळता पाऊस टिकत नाही, कारण त्यात क्षणोक्षणी सारेच बदलते. मुंबईच्या पावसाइतका या पद्धतीचा वैरी दुसरा नसेल! परंतु खरी मेख ‘सहसा’ या शब्दात आहे. काळोखातील सूक्ष्म छटा सहसा जाणवत नाहीत म्हणून त्या गाळल्या जातात. आणि प्रस्तुत चित्रपटाचा गाभा नेमका तेथेच आहे.

शरद नेरुळकर रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून मोटारसायकलीने जात असतो. गती मंदावलेली, कानावर तंबोरा आणि सुमित्रा भावे यांच्या आवाजातील माईंचा ध्वनिमुद्रित उपदेश. हलक्या प्रतीत या दृश्यातील काळोखाचे ठिगळासारखे तुकडे पडतात. ध्वनीला मात्र चित्राच्या मानाने फारच थोडी जागा लागते, त्यामुळे तो बहुधा शाबूत राहतो. परिणामी, ही दृश्ये म्हणजे उपदेशाला दिलेली केवळ जोड होय, असे मानण्याचा मोह होतो. मला ते मान्य नाही. माईंचे शब्द एकांताची मागणी करतात आणि हे शहर शरदला तो एकांत रात्री, रस्त्यावरच काय तो देते, हे शब्दांत कोठेही सांगितलेले नाही. ते पाहावे लागते. दुर्मीळ ध्वनिमुद्रणे आणि त्यांच्या प्रती हा या कथेचाच एक धागा असल्याने ही हानी अधिकच बोचते.

आपल्या अभ्यासशाखेस हा प्रश्न अपरिचित नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो हस्तलिखिते टिकून होती म्हणून. येथे प्रत घरात जुळते, पाहिली जाते आणि नाहीशी होते. मुलुंडच्या प्रेक्षकाने कोणता पाठ पाहिला, हे नंतर त्याला स्वतःलाही सांगता यावयाचे नाही. 24 मार्च 2020 रोजी भारतातील प्रमुख सेवांनी मोबाइल-जाळ्यांवरील चित्र 480 ओळींपर्यंत मर्यादित करण्याचे ठरविले, तेव्हा त्या पाठभेदाला निदान जाहीर तारीख तरी होती. एरवी तीही नसते.

तेव्हा चित्रपटविषयक प्रबंधांत कोणत्या पडद्यावर, कोणत्या प्रतीत चित्रपट पाहिला याची नोंद आवश्यक मानावी. रात्रीच्या दृश्यांविषयी विधान करावयाचे असल्यास, ती दृश्ये उच्च प्रतीत पुन्हा पाहिल्याचा उल्लेख मार्गदर्शकांनी आग्रहाने मागावा.