जत्रेंतील चित्रकार

मांजरसुंब्याजवळ कपिलधार म्हणून स्थान आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळें तें वीरशैव समाजांत विख्यात असून कार्तिकी पौर्णिमेस तेथें महाराष्ट्रांतून व कर्नाटकांतून यात्रेकरूंची रीघ लागते. अशा कोणत्याही जत्रेंत पाल ठोकून बसलेला तसबिरीवाला भेटतोच. त्याच्यापाशीं शंकर, विठ्ठल, लक्ष्मी सर्व असतात. नसतो तो फक्त त्यांचा चितारी. चित्र कोणीं काढलें हें विकणाऱ्यास ठाऊक नसतें आणि घेणाऱ्यास विचारण्याचें सुचत नाहीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढून आपल्या देवदेवता घरोघर पोंचविल्या, तेव्हांपासून देव्हाऱ्यावरचें चित्र बाजारांतूनच यावयाचें हें आपण गृहीत धरून चाललों आहों. तेव्हां चित्र जत्रेंत विकलें जाणें यांत नवें कांहीं नाहीं. नवें आहे तें इतकेंच कीं, अलीकडे चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशीं उभा राहून तीं विकूं लागला आहे.

मुंबईस १९९९ पासून काळा घोडा येथें कलामहोत्सव भरूं लागला, आणि २०११ पासून ‘इंडिया आर्ट फेस्टिव्हल’नें कलादालनांच्या जोडीनें एकट्या चित्रकारांसही गाळे देण्याचा प्रघात पाडला. दिल्लीचा २००८ सालचा ‘इंडिया आर्ट फेअर’ किंवा महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर २०२३ सालीं सुरू झालेला ‘आर्ट मुंबई’ हे मुख्यतः कलादालनांचे बाजार. त्यांत एकटा चित्रकार बहुधा प्रेक्षक म्हणूनच शिरतो. त्यांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. जो स्वतःच काढतो, स्वतःच बांधतो, स्वतःच वाहून नेतो आणि स्वतःच किंमत सांगतो, त्याच्याविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे. ह्या चित्रकाराचें कसें होणार, असा कनवाळू प्रश्न पुष्कळ लोक विचारतात. त्याच्या चित्राचें काय होतें, हा टीकाकाराचा प्रश्न. तो मात्र क्वचितच कोणी विचारतो.

प्रथम हिशेब पाहूं. बीडकडील एखाद्या तरुणास मुंबईंत गाळा घ्यावयाचा आहे असें समजा. बीडास आगगाडी आली तीच मुळीं १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, आणि तीही अहिल्यानगरपर्यंत. तेव्हां कांच लावलेलीं, चौकट बसविलेलीं चित्रें गोणपाटांत गुंडाळून मोटारीनेंच न्यावयाचीं. गाळ्याचें भाडें आगाऊ भरलेलें असतें, चौकटीवाल्याचें देणें होऊन गेलेलें असतें, आणि मुंबईंतील राहण्याजेवणाचा खर्च दिवसागणिक चालू असतो. हें सर्व एकही चित्र खपण्यापूर्वी! विक्रीवर वांटा घेणाऱ्या कलादालनाचें चित्र न खपल्यास थोडेंफार नुकसान होतें, म्हणून तें चित्र खपविण्याची खटपट तरी करतें. गाळ्याचा मालक भाडें घेऊन मोकळा झालेला असतो. अशा स्थितींत पुढच्या वर्षीं गाळा घेतांना तो तरुण कोणतीं चित्रें बरोबर नेईल? गेल्या वर्षीं खपलीं त्यांच्यासारखीं. ह्यांत लोभाचा भाग मुळींच नाहीं. कुंचला त्याच्याच हातांत असतो, परंतु विषय भाडें ठरवितें.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. गाळ्यापुढून जाणारा मनुष्य चालता असतो. त्याचा पाय थबकला पाहिजे. चालत्या मनुष्यास थांबविणारें चित्र आणि एकाच भिंतीवर वीस वर्षें राहूनही न विटणारें चित्र, हीं दोन निराळीं आहेत. पहिल्यास भडक रंग, ओळखीचा विषय आणि एका दृष्टिक्षेपांत उलगडणारी रचना लागते. दुसऱ्यास कधीं कधीं पहिल्या भेटींत अबोलच राहावें लागतें. गाळ्यावर उभा असलेला चित्रकार दिवसभर लोकांचे पाय पाहत असतो. कोणत्या चित्रापाशीं ते थबकतात व कोणत्यापाशीं नाहीं, हें त्याला कोणत्याही टीकालेखापेक्षां अधिक स्पष्ट कळतें. हें शिक्षण खरेंच आहे. पण तें पायांचें शिक्षण आहे, डोळ्यांचें नव्हे.

कोणी म्हणेल, थोर कलावंतांनीं जत्रेंत चित्रें विकलीं नाहींत काय? विकलीं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर १५०६ सालीं व्हेनिसमध्यें असतां त्याची आई न्यूरेंबर्ग येथें पवित्र अवशेषांच्या दर्शनानिमित्त भरणाऱ्या यात्रेंत त्याचे ठसे विकावयास बसत असे, आणि त्याची बायको आग्नेस ते घेऊन फ्रांकफुर्टच्या बाजारास जाई. (आपल्याकडे अशा बायकांचीं नांवें कोणीं टिपून ठेवलीं असतीं तर!) परंतु ड्यूररनें दोन कामें निरनिराळीं ठेविलीं होतीं. यात्रेंत जात तीं एकाच फळीवरून शेंकडों उतरणारीं, कोणासही परवडणारीं चित्रें. फ्रांकफुर्टच्या याकोब हेलर नांवाच्या व्यापाऱ्यासाठीं वेदीवरील मोठें चित्र करतांना मात्र त्यानें इतके दिवस घालविले कीं, १५०९ मधील पत्रांत, कोरीव ठशांचेंच काम धरलें असतें तर आपण आज कितीतरी श्रीमंत असतों, अशी तक्रार त्यानें हेलरजवळच केली. तक्रार केली, पण चित्र उरकून टाकलें नाहीं. यात्रेच्या पैशानें हेलरच्या चित्राची गैरसोय सोसली गेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्याकडे पंढरपुरास जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनीं उमेदीच्या काळीं मुंबईंत चित्रपटांच्या मोठमोठ्या जाहिराती रंगविल्या. रस्त्यानें जाणाऱ्याच्या नजरेसाठींच तें काम होतें, आणि त्यांच्या रेषेंत पुढें जो बेदरकार जोम दिसतो त्याची तालीम बहुधा तेथेंच झाली. म्हणजे वाटसरूची नजर ही सर्वस्वीं घातकच असें नाहीं. पण जाहिरात ती जाहिरात आणि आपलें चित्र तें आपलें, ही सीमारेषा त्यांना ठाऊक होती.

ती रेषा पुसली गेली म्हणजे काय होतें, हें वारली चित्रांवरून कळतें. लग्नाच्या वेळीं सुवासिनींनीं तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहावयाचा, त्यांत पालघाट देवी बसवावयाची, आणि धवलेरीनें गाणीं म्हणावयाचीं, अशी ही मूळची रीत. तेथें विक्रीचा प्रश्नच उद्भवत नसे. भिंत कोण विकत घेणार? १९७० च्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें हीं चित्रें कागदावर आलीं आणि डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातीं त्यांना निराळेंच तेज चढलें. मशे यांचें मासे धरण्याचें जाळें ज्यानें पाहिलें आहे त्यास तें विसरतां येणार नाहीं. बारीक रेषांची ती जाळी कागदभर पसरते, आणि पाहणाराच हळूहळू तींत सांपडतो. ह्या चित्रास वेळ द्यावा लागतो. आतां कोणत्याही कलाजत्रेंतील वारली गाळा पाहावा. तेथें जाळें बहुधा दिसत नाहीं. दिसतो तारपा-नृत्याचा वेटोळा, कपावर, पिशवीवर, दिनदर्शिकेवर. वेटोळा वाईट नाहीं. पण तो एका नजरेंत कळतो, म्हणूनच तो उरला. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांवाचें रक्षण होईल. जाळ्याचें होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

म्हणून गाळा घेणाऱ्या चित्रकारास आमचें सांगणें एवढेंच कीं, भाडें फेडण्यासाठीं लहान ठसे, शुभेच्छापत्रें, जें खपेल तें निःसंकोच विकावें, त्यांत कमीपणा नाहीं; परंतु गाळ्याच्या मागल्या भिंतीवर एक तरी चित्र असें लावावें कीं ज्यासाठीं कोणी थांबणार नाहीं हें त्याला आधींच ठाऊक आहे.

आतां घेणाऱ्यांविषयीं. हे बहुधा ह्या मासिकाचे वाचकच असतात. भाजीच्या जुडीप्रमाणें चित्राचा भाव पाडून मागणारे सुशिक्षित गृहस्थ कांहीं थोडे नाहींत, आणि ‘हें काढावयास किती वेळ लागला?’ हा त्यांचा आवडता प्रश्न असतो. दिवाणखान्याच्या गाद्यांशीं रंग जुळत नाहीं म्हणून चित्र परत ठेवणाऱ्यांस तर काय म्हणावें! पण ह्याहून मोठी हेळसांड दुसरीच होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें ५३-अ हें कलम घातलें गेलें. त्यान्वयें मूळ चित्र पुन्हां दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस विकलें गेल्यास चित्रकारास, व त्याच्या मागें वारसांस, त्या किंमतींत दहा टक्क्यांपर्यंत वांटा मागण्याचा हक्क आहे. फ्रान्सनें असा हक्क १९२० सालींच दिला होता. न्यूयॉर्कमध्यें तो नाहीं. हुसेन यांचें १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ तेथें मार्च २०२५ मध्यें १ कोटि ३७ लक्ष ५० हजार डॉलरांस विकलें गेलें. आपल्याकडे हक्क आहे, पण गाळ्यावर रोखीनें, पावतीवांचून विकलेलें चित्र कोणाचें, केव्हांचें, कितीस गेलें, ह्याचा पुरावाच मागें राहत नाहीं, आणि पुराव्यावांचून कलम बजावावें कोणीं? जत्रेंतील तसबिरीप्रमाणें तेंही पुन्हां बिननांवाचें होतें. पुढल्या खेपेस गाळ्यावरून चित्र घ्याल तेव्हां त्याच्या पाठीवर नांव, साल व दिलेली किंमत चित्रकाराकडून त्याच्याच हातानें लिहवून घ्या, आणि त्याच्यापाशीं पावतीपुस्तक नसल्यास साध्या कागदावर दोन प्रती करून एक त्याच्याजवळ राहूं द्या.