वावरातला सिनेमा आणि सीमेवर अडलेला पडदा

‘आवर्जून पाहावेत असे मराठी चित्रपट’ म्हणून कोणतीही यादी उघडा, तीच चार-पाच नावं सापडतात: ‘सैराट’, ‘नटसम्राट’, ‘कट्यार’, ‘कोर्ट’. चांगलेच आहेत हे चित्रपट, पण ते पाहा म्हणून मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाला आता कुणी सांगायची गरज उरलेली नाही. सांगायला हवं ते दुसऱ्याच चित्रपटांबद्दल. आपल्या पऱ्हाटीतून, आपल्या तोंडच्या बोलीतून उगवलेले हे चित्रपट आपल्यापर्यंत पोचण्याआधीच थिएटरातून उतरले.

मार्च 2025 मध्ये जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ लागला आणि हे फार खटकलं. 2023 च्या टोरांटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या गावात घडतो. गावचीच माणसं त्यात आहेत. सविता शिकते आहे, तिला नोकरी करायची आहे. बापाच्या घरात कापूस पडून आहे आणि भाव उतरलेला. पाहुणे येतात, चहा-पोहे होतात, तिला खुर्चीवर बसवतात आणि प्रश्न सुरू होतात: नाव काय, शिक्षण किती, उंची किती. हे पाहुणे गेले की दुसरे येतात. खुर्ची तीच आणि प्रश्नही तेच. सोमलकर कॅमेरा हलवत नाहीत, संगीतानं आपल्याला सोडवत नाहीत. तिसऱ्या वेळी प्रश्न येण्याआधीच आपण अंग चोरून बसतो, कारण त्या बैठकीत कधी ना कधी आपणही पाहुणे म्हणून बसलेलो असतो. आणि चित्रपटाची सुरुवात होते सविताच्या स्वप्नानं: बायका बसल्या आहेत आणि तपासणी मुलाची चालली आहे! मुलगी पाहण्याच्या रिवाजावर मराठीत इतकं अचूक काही मी पाहिलेलं नाही.

याच जातीचा आधीचा मोठा चित्रपट सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009). शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला, आता आपला नवराही देईल या धास्तीनं अलका पोराला किसनाच्या मागावर ठेवते. बाप जिकडे जाईल तिकडे पोर. या एवढ्या युक्तीवर मनवरांनी अख्खा चित्रपट तोलला आहे. भीती आहे, पण घरात हसूही आहे, आणि कर्ज, बियाणं, आभाळ यांचं सगळं गणित संवादातूनच कळतं. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी यापेक्षा चांगलं काम क्वचितच केलं असेल. राजेश पिंजानींचा ‘बाबू बँड बाजा’ही असाच. वाजंत्रीवाला बाप पोराला बँडमध्ये ओढतो, आई शाळेसाठी हट्टाला पेटते. त्या आईच्या भूमिकेसाठी मिताली जगताप यांना 2010 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीहरी साठेंचा ‘एक हजाराची नोट’ही शोधून पाहा, उषा नाईकांच्या म्हातारीसाठी.

  

मुद्दा भाषेचा आहे. बाकीच्या मराठी सिनेमात वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलतो तो बहुधा गडी, हवालदार नाहीतर हसवायला आणलेला मामा. वर सांगितलेल्या चित्रपटांत मात्र त्याच बोलीत माणूस रडतो, हिशेब करतो, बायकोला घाबरतो. ‘काहून’ म्हटल्यावर प्रेक्षकानं हसायचं नसतं, हे या दिग्दर्शकांना कळलं.

आणि ज्यांची ही बोली आहे त्यांनाच हे चित्रपट दिसत नाहीत. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. मराठी चित्रपटाचं अनुदान महाराष्ट्राचं, 2015 चा मुख्य वेळेत मराठी खेळ लावण्याचा आग्रह महाराष्ट्राचा. जाम नदीकाठच्या मराठी माणसाला यातलं काहीच लागू नाही. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी पडदा तिथेच अडला आहे. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक टिपायला मात्र दरवर्षी कॅमेरे येतात, दगड आणि जखमी दाखवतात आणि निघून जातात. ही गावं दाखवायला सगळे येतात, त्यांना काही पाहायला द्यायला कुणी येत नाही.

‘तिथे प्रेक्षक नाही’ हे वितरकांचं उत्तर मला मान्य नाही. नागपूर इथून दोन तासांवर आहे. संत्र्यांचे ट्रक रोज तिथे पोचतात, मग नागपुरातला चित्रपट इकडे का येत नाही? महोत्सव भरवणाऱ्यांना टोरांटोची वाट सापडते, सौंसरची सापडत नाही. निर्मात्यांनी एकदा तरी पांढुर्ण्यात हॉल भाड्यानं घ्यावा, शाळा-महाविद्यालयांना सांगावं, बाजाराच्या दिवशी भोंगा फिरवावा. गणेश मंडळांनीही ऑर्केस्ट्र्याचे पैसे एक वर्ष याला द्यावेत. ‘स्थळ’ तर लग्नसराई सुरू होण्याआधीच दाखवायला हवा, आणि पुढच्या रांगेत उपवर मुलांचे बाप बसवायला हवेत.