भोंगा ऐकला, बहिरेपण नाही

गिरणगावच्या साहित्याची चर्चा भोंग्यापासून सुरू होते आणि १९८२ च्या संपापाशी थांबते. नारायण सुर्वे यांनी कामगाराला कवितेत बोलते केले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने संपाने उद्ध्वस्त झालेले घर रंगभूमीवर उभे केले. हे ऋण मोठे आहे. तरीही माझा प्रश्न उरतोच: भोंगा झाल्यावर आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या कानाचे काय झाले, हे आपल्या समीक्षेने कधी विचारले?

आठ तासांसाठी ९० डेसिबल ही नियमांची मर्यादा. धोट्याच्या मागांचे साचेखाते ती सहज ओलांडीत असे. अशा आवाजाने कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत. आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ निसटतात. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. घरचे त्याला तिरसट ठरवितात.

येथे केवळ वर्गाची भाषा पुरत नाही. साचेखात्यात पगार अधिक, आणि तेथेच अस्पृश्यांना मज्जाव. कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे; त्या थुंकीचा सवर्ण विणकराला विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे जे खाते कान खात होते, त्याच्या दारातून आत जाण्यासाठीही आपल्याला झगडावे लागले! आणि आपल्या वाट्याला आलेले कमी पगाराचे रिंगखाते तरी कुठे शांत होते?

गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी कुटुंबे पनवेलकडे आली. आमच्या खांदा कॉलनीत कवितावाचन असते तेव्हा निवृत्त साचेवाले पुढे बसतात आणि वाचणाऱ्याच्या ओठांकडे पाहतात. जलशाची परंपरा सांगणाऱ्या आपल्या चळवळीने या श्रोत्याचा विचार केलेला नाही.

आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य रोग मानला. पण तो दुखत नाही, हळूहळू येतो. म्हणून तपासणी होत नाही आणि दाव्याला कागद उरत नाही. तेथे साक्ष हाच पुरावा. मित्रहो, कामगाराचे आत्मकथन लिहून घेताना भूक, जात, संप विचारा; त्याचबरोबर कोणते खाते, किती वर्षे आणि आता किती ऐकू येते, हेही विचारा. त्या उत्तरांवाचून गिरणीचे साहित्य अर्धेच आहे.